एलपीजीवरून पाइप गॅसवर आल्यापासून ओव्हनचा बर्नर लाल दिवा लावून बसतोय. हवा कशी सेट करायची?

पाववाला, भांडुप | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. भांडुपला आमची बेकरी आहे, आजोबांपासूनची. लाकडाची भट्टी होती, आत दोन माणसं आरामात झोपतील एवढी. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने सहा महिन्यांत लाकूड-कोळसा बंद करायला सांगितलं, मग आम्ही कर्ज काढून एका ट्रॉलीचा सेकंडहँड रोटरी ओव्हन (आत पावांची ट्रॉली फिरते तो) घेतला. मागे गॅसचा बर्नर आहे, त्याच्या प्लेटवर ५०,००० किलोकॅलरी लिहिलंय. १९ किलोच्या सिलिंडरवर सात महिने एक दिवस त्रास नाही.

दहा दिवसांपूर्वी पाइप गॅस आला. मीटरपर्यंतचं काम कनेक्शनवाल्यांनी केलं, मीटरपासून ओव्हनपर्यंत एका खासगी फिटरने पाइप ओढला. बर्नरच्या बाजूला हवेची पट्टी आहे, तिच्यावर ० ते ९ आकडे. ती ५ वर होती, ती याने २ वर आणली. "पाइप गॅसला हवा कमी लागते, बाकी बर्नर तोच चालतो" म्हणाला, पैसे घेतले आणि गेला.

तेव्हापासून असं होतंय. बटण दाबलं की पंखा अर्धा मिनिट फिरतो, टिकटिक ठिणगी पडते, 'खट्' आवाज येतो, काचेतून ज्योत दिसते आणि दोन-तीन सेकंदांत गायब. लाल दिवा. कधी कधी तर ठिणगीपर्यंतही जात नाही, नुसता पंखा फिरून लाल दिवा. रीसेट दाबत राहिलं की चौथ्या-पाचव्या वेळी पेटतो. परवा पहाटे असाच पेटला आणि आतून 'धप्प' झालं, चिमणीचा पाइप हलला, वरून काजळी पडली. पेटल्यावरही जोर नाही. लादी १६ मिनिटांत व्हायची, आता २४ लागतात.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, बर्नरवर एक गोल डबा आहे, त्याला बारीक पारदर्शक नळी लागलीय, तोच सारखा ट्रिप देतो; त्याच्या दोन वायरी जोडून टाकतो, कटकट संपेल.

माझे प्रश्न तीन. हवेची पट्टी किती वर ठेवू? तो डबा चार दिवस बायपास केला तर चालेल का? आणि धप्प न होता पेटवायचा कसा? पहाटे तीनला पाव लावायचे असतात, म्हणून रात्रीच विचारतोय.

---

हॉटेलवाला, ठाणे | मंगळवार, रात्री ११:५८

एवढं टेन्शन नको घेऊस भाऊ. आमच्याकडे चायनीजच्या भट्टीला तर काय सेन्सर-बिन्सर नाहीच, लायटर लावला की भडका, झालं. मार बायपास, धंदा चालू ठेव. वेळ मिळाला की मेकॅनिकला बोलव.

---

जुना फिटर, कुपवाड | बुधवार, मध्यरात्री १२:२५

हॉटेलवाले साहेब, तुमची चायनीजची भट्टी उघड्यावर जळते. भडका झाला तर आचाऱ्याच्या हाताचे केस जातात. यांचा बर्नर लोखंडी पेटीच्या आत जळतो. तिथे भडका झाला तर त्याला जायला वाट चिमणीची, नाहीतर समोर उभा असेल त्याच्या तोंडावरची. दोन्हीची गल्लत करू नका.

पाववाले, मी ३१ वर्षं बर्नरचं काम केलं. डेअरीचे बॉयलर, इचलकरंजीचे प्रोसेस हाऊस, बेकऱ्या, सगळं. आता घरी बसून नातवाची सायकल दुरुस्त करतो. सविस्तर लिहितो, पण त्याआधी एकच सांगा, आणि खरं सांगा. गेल्या दोन-तीन दिवसांत बेकरीत कोणाचं डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, असं काही झालंय का? आणि त्या धप्पनंतर चिमणीचे सांधे कोणी बघितले का?

---

पाववाला, भांडुप | बुधवार, मध्यरात्री १२:४१

काका, तुम्ही कसं ओळखलंत? काल पहाटे आमचा एक पोरगा ओकला. आम्हाला वाटलं पित्त. माझंही कपाळ दोन दिवस दुखतंय, पण जागरण रोजचंच. चिमणी आत्ता टॉर्च मारून बघितली. ओव्हनच्या वर पहिलाच सांधा आहे, तो एका बाजूने बोटभर उघडा पडलाय. तिथे भिंत काळी झालीय.

---

जुना फिटर, कुपवाड | बुधवार, मध्यरात्री १२:४६

बर्नर बंद. मीटरजवळची चावी बंद. आज पहाटे पाव लावायचे नाहीत. शेजारच्या बेकरीतून लाद्या उचला, गिऱ्हाईक एक दिवस तोंड वाकडं करेल, करू दे. सगळी दारं-खिडक्या उघडा आणि पोरांना आत झोपू देऊ नका. जो ओकला त्याला सकाळी डॉक्टरकडे न्या आणि 'गॅसच्या धुरात काम करत होता' हे स्वतःहून सांगा, नाहीतर तेही पित्तच म्हणतील.

हा कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. त्याला वास नाही, रंग नाही. पाइप गॅसला जो कुजका वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. गॅस अर्धवट जळून जे तयार होतं त्याला तो वास राहत नाही. म्हणून 'वास नाही, म्हणजे ठीक' हे इथे लागू नाही.

बाकीचं सकाळी लिहितो. आधी एवढं करा आणि केल्याचं इथे कळवा.

---

पाववाला, भांडुप | बुधवार, मध्यरात्री १:१०

केलं काका. पोरं बाहेर ओट्यावर झोपलीत. शेजारच्याला फोन केला, त्याने ६० लाद्या द्यायचं कबूल केलं. मी २९ वर्षांचा आहे, मला तू म्हणा.

---

जुना फिटर, कुपवाड | बुधवार, सकाळी ९:१५

बरं झालं. आता तुझे तीन प्रश्न, पण माझ्या क्रमाने.

आधी तो डबा. नळी लागलेला गोल डबा म्हणजे एअर प्रेशर स्विच. पंखा फिरतोय आणि खरोखर हवा ढकलतोय, हे तो कंट्रोलरला सांगतो. त्याने हो म्हटल्याशिवाय कंट्रोलर गॅसची सॉलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडत नाही. तुझ्या फिटरने पट्टी ५ वरून २ वर आणली, म्हणजे पंख्याचं नाकच दाबलं. हवेचा दाब पडला, डबा कधी हो म्हणतो, कधी नाही. ठिणगीपर्यंत न जाता जो लाल दिवा लागतो तो हाच. डबा खरं बोलतोय आणि तुझा इलेक्ट्रिशियन त्याची जीभ कापायला निघालाय. बायपास केलास आणि उद्या पंख्याचा कपॅसिटर गेला तर गॅस येईल, ठिणगी पडेल, हवा नसेल. शिवाय बहुतेक कंट्रोलर सुरुवातीलाच तपासतात की पंखा थांबलेला असताना हा डबा 'नाही' म्हणतोय ना. वायर जोडलेली असेल तर बर्नर सुरूच होत नाही. मग हीच मंडळी आणखी एक बटण लावून ती वायर नंतर जोडतात. असले उद्योग मी डोळ्यांनी बघितलेत.

आता गॅस. 'पाइप गॅसला हवा कमी लागते' हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त घात करतं. एक घनमीटर एलपीजी जाळायला पाइप गॅसच्या अडीच-तीन पट हवा लागते, बरोबर. पण त्यातून उष्णताही तेवढीच पट निघते. म्हणजे तुझ्या ओव्हनला तेवढीच उष्णता हवी असेल, तर हवा जवळजवळ पहिल्याइतकीच लागणार. वाढवायचा असतो तो गॅस. एलपीजीच्या नोझलची भोकं बारीक असतात. पाइप गॅस हलका, त्यामुळे त्याच भोकातून जरा जास्त निघतो, पण अडीच पट काही निघत नाही. म्हणून जोर नाही आणि लादीला २४ मिनिटं.

हे तुला स्वतःला तपासता येईल, पाना न लावता. बर्नर परत सुरू होईल त्या दिवशी पूर्ण आचेवर असताना मीटरचा आकडा लिही, घड्याळ लाव, बरोबर सहा मिनिटांनी परत लिही. फरकाला दहाने गुणलं की तासाचा गॅस. एका घनमीटरला अंदाजे ८,६०० किलोकॅलरी धर. ५०,००० च्या बर्नरला तासाला ५.८ च्या आसपास हवा. त्या वेळी दुसरी शेगडी चालू नको. आत्ता मात्र हे करायला बर्नर पेटवू नकोस.

ज्योत दिसूनही विझते ते का? ज्योतीत एक बारीक सळई असते, पांढऱ्या चिनी मातीच्या नळीत बसवलेली. ज्योतीतून वीज वाहते, अगदी किंचित, मायक्रोअँपमध्ये, आणि एकाच दिशेने. कंट्रोलर ती मोजतो. दोन-तीन सेकंदांत मिळाली नाही तर गॅस बंद, लाल दिवा. तुझ्याकडे भोकं चुकीची, हवा चुकीची, ज्योत नीट बसत नाही, सळईला धड लागत नाही. इलेक्ट्रिशियनला बसून राहायचं नसेल तर त्याला एवढं काम दे: बर्नरचा फेज आणि न्यूट्रल उलटा तर नाही ना, आणि अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातं का. हे दोन चुकले तर चांगली ज्योतही काही कंट्रोलरना दिसत नाही.

आणि रीसेट. आता माझीच गोष्ट सांगतो. १९९४ साल, इचलकरंजीचा एक प्रोसेस हाऊस, सिलिंडरच्या बँकेवरचा बर्नर. मालक मागे उभा, 'कापड अडकलंय, कापड अडकलंय'. मी चार वेळा रीसेट दाबला. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद गॅस आत गेला, पेटला नाही. पंखा मधे फिरायचा, पण चिमणीचा डॅम्पर, म्हणजे धुराच्या वाटेतली झडप, कोणीतरी अर्धा बंद ठेवलेला, तो मी बघितलाच नव्हता. पाचव्या वेळी दार उघडून माझ्या अंगावर. हाड मोडलं नाही, पण भुवया आणि मिशी गेली. आठ दिवसांनी बहिणीचं लग्न. फोटोत माझ्या भुवया काजळाच्या आहेत, वहिनीने काढलेल्या. आजही अल्बम निघाला की पोरं हसतात. हसू देत. तेव्हापासून माझा नियम: रीसेट एकदा, फार तर दोनदा. दुसऱ्यांदा लाल दिवा लागला की गॅसची चावी बंद आणि कारण शोधायचं. मधे किमान पाच मिनिटं, पंखा फिरता.

दुपारी पुढचं लिहितो. नातवाची चेन उतरलीय.

---

कोटिंगवाली, भोसरी | बुधवार, सकाळी ११:०५

आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. आम्हीही ओव्हन सिलिंडरवरून पाइप गॅसवर आणला, म्हणून दोन गोष्टी विचारते.

पहिली: तुमचा गॅस डिटेक्टर कुठे लावलाय? सिलिंडर होते तेव्हा फूटभर उंचीवर लावला असेल. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली गटारात, पायाशी साचतो. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, तो छताशी जातो. आमचा डिटेक्टर चार महिने जमिनीजवळच होता आणि आम्ही निवांत होतो. तो वर घ्यावा लागतो, आणि नुसता वर घेऊन भागत नाही, तो मिथेनसाठीचा आहे का तेही बघा, पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेनच. खिडकीच्या वरची झडप बंद केली असेल तर तीही उघडा.

दुसरी: जुने सिलिंडर काय केलेत?

---

पाववाला, भांडुप | बुधवार, दुपारी १२:३०

डिटेक्टर पिठाच्या पोत्यांच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर आहे ताई. बरोबर ओळखलंत.

दोन सिलिंडर बॅकअपला ठेवलेत. फिटरने पाइपला टी (तीन तोंडांचा सांधा) मारून दोन चाव्या दिल्या. गॅस गेला तर ही बंद करून ती उघडायची.

पोरग्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं, आता बरा आहे.

---

कोटिंगवाली, भोसरी | बुधवार, दुपारी १२:४४

तो टी काढा. एकाच वेळी दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या तर ज्याचा दाब जास्त तो गॅस दुसऱ्या पाइपात घुसतो. आणि पाइप गॅससाठी भोकं मोठी करून घेतलीत की त्याच बर्नरवर एलपीजी लावायचाच नाही, ज्योत काळा धूर ओकेल. आम्हाला बर्नर बनवणाऱ्या कंपनीकडून किट मिळालं होतं: वेगळं नोझल, गॅस व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि बर्नरवर चिकटवायचं स्टिकर, 'नैसर्गिक गॅसवर सेट केलेला'. तुमच्या प्लेटवर मॉडेल नंबर असेल, त्याच्यावरून मागवा.

---

जुना फिटर, कुपवाड | बुधवार, दुपारी ४:२०

ताईंनी माझं निम्मं काम केलं. टीचं मला सुचलंच नव्हतं.

किट बसवणं आणि सेटिंग हे तू करायचं काम नाही, बाळा. पट्टी कितीवर ठेवू याला मी आकडा देणार नाही. माझ्या बर्नरचा ५ तुझ्या बर्नरला लागू नाही, आणि चिमणीतला धूर मोजल्याशिवाय तुझ्याच बर्नरचा ५ खरा की ४ हे देवालाही कळत नाही. फ्ल्यू गॅस अॅनालायझर घेऊन येणारा माणूस बोलव. 'मी ज्योत बघून सांगतो' म्हणणारा आला तर चहा पाजून परत पाठव. निळी ज्योतही कार्बन मोनॉक्साइड काढू शकते.

पण तो काम करत असताना तू शेजारी उभा राहा आणि पुढचं बघ.

हात लावायच्या आधी तो पट्टी आणि स्क्रू जिथे आहेत तिथे खूण करतो का? मी बायकोची नेलपॉलिश वापरायचो. लाल, सहज पुसत नाही, आणि कुठून निघालो ते दिसतं. त्याने गॅसचा दाब दोनदा मोजला पाहिजे, बर्नर बंद असताना आणि पूर्ण पेटलेला असताना. बंद असताना दाब सगळ्यांचाच छान दिसतो. पाइप बारीक किंवा लांब असेल तर पेटल्यावर तो बसतो. यू आकाराच्या नळीत पाणी भरूनही हे कळतं, पाण्याचा १० मिलिमीटरचा फरक म्हणजे एक मिलिबार. घरच्या शेगडीला पाइप गॅस २१ मिलिबारने येतो, तुझ्या व्यावसायिक कनेक्शनचा आकडा कागदावर असेल, तो त्याला दाखव.

आच वाढवताना आधी हवा, मग गॅस. कमी करताना आधी गॅस, मग हवा. हा क्रम मला माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी पाठ करायला लावला होता, चुकलो की पान्याने टिचकी. कारण सोपं आहे, मधल्या कुठल्याही क्षणी हवा कमी पडता कामा नये. एका वेळी स्क्रू पाव फेरा, मग दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग यंत्र बघायचं. जो माणूस सलग स्क्रू फिरवत सुटतो तो घाईत आहे.

पाइप गॅसवर ऑक्सिजन ३ ते ५ टक्क्यांत आणि कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आत आला की मी सही करायचो. ५० च्या आत आला तर समोसा मागायचो. ऑक्सिजन फार कमी करून 'गॅस वाचवून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध. उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंख्याला पीठ चिकटतं, आणि आज कसाबसा पुरणारा ऑक्सिजन मे महिन्यात पुरत नाही. बेकरीत तर पंख्याच्या पात्यांवर पिठाचा थर बसतोच. दर महिन्याला ब्रशने साफ कर, आधी मेन स्विच काढून.

शेवटी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस. भांड्याचा साबण, पाणी, दाढीचा ब्रश. दाब मोजायला उघडलेला बारीक स्क्रूसुद्धा, तोच सगळ्यात जास्त विसरतात. काडी पेटवून गळती बघणारा दिसला तर तू बेकरीच्या बाहेर जा.

आता रोज पेटवायचं. आत शिरलास की दिव्याचं बटण दाबायच्या आधी नाकाने बघ. वास आला तर बटण नाही, एक्झॉस्टही नाही, मोबाइलही आत काढायचा नाही. दारं उघड, मीटरची चावी बंद कर, बाहेर ये, मग फोन. पाइप गॅसचा नंबर बिलावर छापलेला असतो, तो दारावर मोठ्या अक्षरात लिही. १९०६ हा एलपीजीचा, तोही लिही, घरी कामाला येईल.

वास नसेल तर चिमणीचा डॅम्पर उघडा आहे ना बघ, सांधे बघ, वरची झडप उघड. गॅसची चावी हळू फिरव, एकदम झटक्याने नाही, दाबाचा धक्का बसला की रेग्युलेटर रुसतो. बटण दाबलंस की बाजूला उभा राहा. काचेला डोळा लावून बसायची तुम्हा पोरांना हौस असते. पंखा अर्धा मिनिट फिरतो तो आतला राहिलेला गॅस हाकलायला. 'पेटायला उशीर लागतो' म्हणून ती वेळ कमी करून घेऊ नकोस, काही जण तेही करून देतात. ज्योत मऊ आवाजात, लगेच बसली पाहिजे. घरघर किंवा धप्प आली तर बंद.

नवीन पाइपात हवा अडकलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवशी एक-दोनदा लाल दिवा लागू शकतो. ती हवा फिटरने नळी लावून बाहेर मोकळ्यात सोडायची असते, बेकरीच्या आत नाही.

---

हॉटेलवाला, ठाणे | बुधवार, संध्याकाळी ६:०२

काका, मी शब्द मागे घेतो. आमच्या भट्टीच्या पाइपला आत्ता साबण लावून बघितला, एका चावीच्या बुडाशी बुडबुडे येतायत. बंद केलीय. कोणाला बोलवायचं असतं यासाठी?

---

जुना फिटर, कुपवाड | बुधवार, संध्याकाळी ६:१०

तुमचा गॅस देणारा एजन्सीवाला. आजच. टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका.

---

पाववाला, भांडुप | पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

उशीर झाला, पण काम झालं म्हणून लिहितोय. किट यायला पाच दिवस लागले. तेवढे दिवस शेजारच्याकडून पाव घेतले, एका लादीमागे दोन रुपये सुटले, पण गिऱ्हाईक टिकलं.

सोमवारी बर्नरवाल्यांचा माणूस आला, सोबत अॅनालायझरची पेटी. आधी चिमणीचा सांधा नीट बसवून स्क्रू मारले, मग जुन्या नोझलवर एकदाच पेटवून मोजलं. ऑक्सिजन ७ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ८७० पीपीएम. तो आकडा बघून तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच वेळी मी मीटरवर सहा मिनिटं लावली: ०.३४. म्हणजे तासाला ३.४, काका. गुणून बघितलं तर २९,००० च्या आसपास. ओव्हन निम्म्याच्या जरा वर चालत होता, मी मात्र इतके दिवस यीस्टला शिव्या देत होतो.

किट बसवल्यावर त्याने खरंच खूण केली, मार्करने. मी नेलपॉलिशचं सांगितलं तर हसला आणि म्हणाला, 'मार्कर पुसतो, आणा.' आता पट्टीवर आमच्या हिचा गुलाबी ठिपका आहे, साडेचारच्या जवळ. फिटरचा २ नव्हताच, पण जुना ५ पण नव्हता. पाव-पाव फेरा करत त्याला सव्वा तास लागला. शेवटचे आकडे: ऑक्सिजन ४.२, कार्बन डायऑक्साइड ९.३, कार्बन मोनॉक्साइड ३८. मीटर सहा मिनिटांना ०.५८. काका, तुमच्या नावाने त्याला समोसे आणले.

इलेक्ट्रिशियनने फेज-न्यूट्रल बघितला, सरळ होता. अर्थिंगची वायर मात्र ओव्हनच्या पायाला गुंडाळून सोडून दिली होती, पुढे कुठेच जात नव्हती. ती आता नीट केली. टी काढला, सिलिंडर परत केले. डिटेक्टर मिथेनचा घेऊन छताखाली लावला, आणि एक कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, पीठ मळायच्या टेबलाजवळ.

आज पहाटे पहिल्याच बटणाला पेटला. आवाज इतका कमी की पोरगा म्हणाला, चालू झाला का? मी बाजूला उभा होतो.

पहिली ट्रॉली मात्र करपली. टायमर २४ वरच राहिला होता.